विमानाचं दार, जमिनीवरची वही

मळवली स्टेशनच्या उत्तरेला कार्ल्याची लेणी, दक्षिणेला भाज्याची. भाज्याच्या डोक्यावर विसापूर आणि त्याला खेटून लोहगड. मुंबई-पुण्याची रेल्वे, जुना हमरस्ता आणि द्रुतगती मार्ग हे तिन्ही याच चिंचोळ्या पट्टीतून जातात. १७७९ च्या जानेवारीत राघोबादादांना गादीवर बसवायला निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौजही खंडाळ्याचा घाट चढून याच वाटेने आली होती. ४ जानेवारीला कार्ल्यापाशी मराठ्यांच्या तोफेचा गोळा लागून त्या फौजेतला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट पडला. झाडावर चढून टेहळणी करत होता, असं सांगतात. पुढच्या दहा-बारा दिवसांत इंग्रजांना वडगावचा तह करावा लागला आणि फौज मान खाली घालून परत गेली. स्टुअर्ट मात्र मावळातच राहिला. त्याच्या शौर्याची वाखाणणी शत्रूनेच केली, त्याला ‘इष्टुर फाकडा’ असं खास मराठी नाव मिळालं, आणि वडगावच्या त्याच्या समाधीला आजही लोक हात जोडतात.

लढाईत मेलेल्या परक्या माणसाची याहून नीट नोंद क्वचितच सापडेल. नाव, दिवस, जागा, मरणाची तऱ्हा, सगळं ठाऊक. याचं कारण साधं आहे. तो माणसांच्या देखत पडला, आणि ज्यांनी पाहिलं ते त्याच मुलखात राहत होते. विमानातून लढणाऱ्याला ही सोय नसते. तो आपल्या लोकांपासून शेकडो मैलांवर, बहुधा रात्री, परक्या शेतात नाही तर समुद्रात पडतो. इकडे तळावर फक्त एवढंच कळतं की परतायची वेळ झाली, मग टाकीतलं इंधन संपण्याची वेळही टळली. त्या क्षणी फळ्यावर त्याच्या नावापुढे एक शब्द लिहिला जातो : बेपत्ता. बाँबफेकी विमानांबद्दल लिहिणारे बहुधा किती विमानं पडली याचे आकडे देऊन थांबतात. मला त्यापुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. विमान पडल्यावर आतल्या माणसाचं काय होतं, हे दोनच गोष्टी ठरवतात. एक, त्याला बाहेर पडायला दार होतं का. दुसरी, खाली कुणी त्याचं नाव वहीत लिहिलं का.

मळवलीहून पुण्याची लोकल धरली की कामशेत, तळेगाव, चिंचवड, दापोडी करत ती खडकीला येते. तिथली युद्ध-स्मशानभूमी पुष्कळ पुणेकरांनी बसच्या खिडकीतून पाहिलेली असते, आत जाऊन क्वचितच. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी विखुरलेल्या, पुढे कोण सांभाळेल याची शाश्वती नसलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या कबरी इथे एकत्र आणल्या गेल्या. राष्ट्रकुल युद्ध-कबर आयोगाच्या हिशेबात त्या १,६६८ आहेत. त्यांच्यासोबत पहिल्या महायुद्धातल्या अठराशेहून अधिक सैनिकांचं स्मारक आहे, कारण त्यांच्या मूळ कबरी देशभरच्या छावण्यांत राखणं अशक्य झालं होतं. मुंबईच्या शिवडीतल्या स्मशानातून ६२९ जणांचे अवशेष १९६२ च्या मार्चमध्ये इथे हलवले गेले.

अशा स्मशानभूमीत हवाई दलाचा दगड वाचायची एक रीत आहे. पायदळाच्या सैनिकाच्या दगडावर हुद्दा असतो. वैमानिकाच्या दगडावर पुष्कळदा त्याचं विमानातलं कामही असतं : चालक, दिशादर्शक, बिनतारी यंत्रवाला, तोफची. एकाच तारखेचे असे तीन-चार दगड शेजारी-शेजारी दिसले की समजावं, हे एका विमानातले. आणि अनेक नावांना मिळून एकच कबर दिसली, तर अवशेष वेगळे करता आले नव्हते हेही समजावं. लष्करी कारकुनी एवढी बोलकी असू शकते, हे मला खडकीच्या त्या हिरवळीवर पहिल्यांदा जाणवलं.

त्यातले सगळे शत्रूच्या गोळीने मेले नाहीत, हेही सांगायला हवं. हवाई युद्धात सराव, दुरुस्ती आणि हवामान हेही शत्रूसारखेच जीव घेतात. ब्रिटनच्या बाँबफेकी दलात आठ हजारांच्या आसपास माणसं नुसत्या प्रशिक्षणात आणि अपघातांत गेली. हिंदुस्थानातही तेच. १९३९ मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी पुण्याजवळ लोहगावचा तळ उभा राहिला आणि युद्धकाळात तिथे वेलिंग्टन, मॉस्किटो अशी विमानं येत-जात राहिली. मॉस्किटो हे लाकडाचं विमान, प्लायवूडचे थर डिंकाने चिकटवून केलेलं. युरोपात ते सगळ्यांत चपळ ठरलं. १९४४ च्या पावसाळ्यानंतर हिंदुस्थानात मात्र उडता-उडता त्याचे पंख निखळू लागले. आधी दोष आपल्या ऊन-पावसाला दिला गेला. मग कंपनीचे हेरेवर्ड द हॅविलंड स्वतः चौकशीला आले, आणि कारखान्यातली सदोष जोडणी मुळाशी असल्याचं निष्पन्न झालं. तोवर ज्यांचं विमान हवेत मोडलं, त्यांना दार असून नसल्यासारखंच होतं.

दाराचा हिशेब कुणी मांडला असेल तर तो फ्रीमन डायसन नावाच्या एका पोरगेल्या गणितज्ञाने. पुढे भौतिकशास्त्रात मोठं नाव झालेला हा माणूस १९४३ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, बाँबफेकी दलाच्या संशोधन विभागात रुजू झाला. त्याने पाडलेल्या विमानांतून वाचलेल्यांची आकडेवारी तपासली. हॅलिफॅक्स विमान पडलं तर साधारण चौथा हिस्सा माणसं पॅराशूटने जिवंत उतरत. लँकेस्टर हे त्याहून नवं, भारी, सगळ्यांच्या कौतुकाचं विमान. त्यातून वाचत फक्त पंधरा टक्के. कारण शोधत गेल्यावर निघालं ते असं : लँकेस्टरच्या तळातली सुटकेची झडप बावीस इंच रुंद होती, हॅलिफॅक्सहून दोनेक इंचांनी अरुंद. जाड कपडे घातलेला, पाठीवर-छातीवर सामान लादलेला माणूस अंधारात, गिरक्या घेणाऱ्या विमानात त्यातून निघायला धडपडत असे. डायसनच्या एका सहकाऱ्याने झडप मोठी करा म्हणून पाठपुरावा केला. तो फळाला येईतो युद्ध जवळपास संपलं होतं. दोन इंच पत्र्याच्या बदल्यात किती जीव गेले, ते वाचकांनी स्वतःच मनाशी गुणून पाहावं. दलाचे एकूण वैमानिक आणि सहकारी सुमारे १,२५,००० आणि मेले ५५,५७३.

त्या दलात एक मराठी आडनाव होतं. १९४० च्या सप्टेंबरात मुंबईहून बोटीने चोवीस हिंदी तरुण वैमानिक ब्रिटनला रवाना झाले आणि ऑक्टोबरात लिव्हरपूलला उतरले. त्यांतले काही लढाऊ विमानांकडे गेले, काही बाँबफेकी विमानांकडे. शिवदेव सिंग हे पुढे आपल्या हवाई दलाचे उपप्रमुख झाले, ते स्टर्लिंग चालवत. शैलेंद्र एकनाथ सुखठणकर लँकेस्टरवर दिशादर्शक झाले. लँकेस्टरमध्ये माणसं सात. दिशादर्शक चालकाच्या मागे पडदा ओढून दिव्याच्या मिणमिण उजेडात नकाशा, पट्टी आणि घड्याळ घेऊन बसे. बाहेर काय चाललंय हे त्याला दिसत नसे, दिसू नये अशीच व्यवस्था होती. तीस मोहिमा म्हणजे एक फेरी पुरी. ती पुरी करणारेच कमी. सुखठणकरांनी चाळीसहून अधिक मोहिमा केल्या, त्यांत लक्ष्यावर आधी जाऊन खुणेच्या मशाली टाकणाऱ्या वाटाड्या तुकडीबरोबरच्याही होत्या. त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे पदक मिळालं, आणि ते जिवंत परतले. आपल्याकडे क्रिकेटपटूंच्या धावा तोंडपाठ असतात. सुखठणकरांच्या नावाचा रस्ता पुण्यामुंबईत माझ्या तरी पाहण्यात नाही.

जे परतले नाहीत त्यांच्यासाठी ब्रिटनने जे केलं, ते मात्र शिकण्यासारखं आहे. युद्ध संपताना त्यांच्या हवाई दलाचे ४१,८८१ लोक बेपत्ता होते. हा आकडा स्मारकावर कोरून मोकळं होणं शक्य होतं. त्याऐवजी त्यांनी बेपत्तांच्या शोधासाठी स्वतंत्र खातंच उभारलं. त्या खात्याचे अधिकारी जीपमधून युरोपभर हिंडले, गावच्या पाद्र्यांची दफनवही चाळली, शेतकऱ्यांना विचारलं, इंजिनावरचे क्रमांक जुळवले, शर्टाच्या कॉलरवरची धोब्याची खूणसुद्धा पुरावा मानली. १९५० अखेर हिशेब असा झाला : २३,८८१ जणांच्या कबरी सापडल्या, ९,२८१ समुद्रात गेले असं नोंदलं गेलं, आणि ८,७१९ जणांचा ठावठिकाणा लागला नाही. म्हणजे दर पाच बेपत्तांपैकी चारांच्या घरी निदान एक निश्चित उत्तर पोचलं. ज्यांना कबर मिळाली नाही त्यांची नावं ब्रिटनमध्ये रनीमीडला आणि आपल्या बाजूच्या आघाड्यांवरची सिंगापूरच्या क्रांजीला कोरली. साम्राज्याबद्दल मला तिळमात्र प्रेम नाही. पण ही वही त्यांनी चोख ठेवली, हे कबूल करायला हवं.

स्वातंत्र्यानंतर लोहगावला आपली बाँबफेकी विमानं आली. आधी लिबरेटर, तीही भंगारातून उठवलेली. अमेरिकन बनावटीची ही अजस्र विमानं ब्रिटिशांनी जाताना कानपूरला मोडूनतोडून टाकली होती, पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम. हिंदुस्थान एअरक्राफ्टने ती उडण्यापुरती डागडुजी करून उभी केली आणि कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळुरूला उडवत नेली. अशी चाळीसहून अधिक. ही विमानं १९६८ पर्यंत आपल्याकडे राबली. लंडनच्या हवाई दल संग्रहालयात आज जे लिबरेटर उभं आहे, तेही आपण दिलेलं. ज्यांनी मोडलं त्यांनाच ते दुरुस्त करून भेट दिलं, यातला विनोद तिथल्या फलकावर लिहिलेला नसावा.

मग १९५७ मध्ये कॅनबेरा. भारताने पहिल्या खेपेला अडुसष्ट मागवली, त्यांत चोपन्न बाँबफेकी. पुण्याच्या पस्तीस क्रमांकाच्या तुकडीकडे ती होती. गोव्याच्या मुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी, विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंडांचे बाँब टाकले. धावपट्टी उखडली, इमारती आणि उभी असलेली दोन प्रवासी विमानं मात्र हुकूम होता त्याप्रमाणे शाबूत राहिली. रात्री पोर्तुगीजांनी त्यातल्या त्यात पट्टी बुजवून ती दोन्ही विमानं पळवली. त्या दिवशी आपलं एकही कॅनबेरा पडलं नाही.

पाकिस्तानबरोबरच्या युद्धांत मात्र ती पडली, आणि तिथे पुन्हा दाराचा प्रश्न येतो. भारताने घेतलेल्या बाँबफेकी कॅनबेरात दोन माणसं. चालक वर, एका बाजूला सरकवलेल्या काचेच्या घुमटाखाली, आणि त्याला बाहेर उडवणारी खुर्ची. दिशादर्शक खाली, विमानाच्या नाकात. त्याला तशी खुर्ची नव्हती. संकट आलं तर त्याने जागेवरून उठून, सरपटत मागे येऊन, पॅराशूट अडकवून बाजूच्या दारातून उडी घ्यायची. तीस हजार फुटांवर, विमान सरळ उडत असताना हे करता येतं. जमिनीलगत, रात्री, इंजिन पेटलेलं असताना नाही. ज्याने आराखडा काढला त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. चालकाने विमान स्थिर धरावं आणि साथीदाराला उडी मारू द्यावी, हे त्यात गृहीत होतं. आता चालकाच्या बाजूने विचार करा. त्याच्या हाताशी एक दांडी आहे जी ओढली की तो वाचतो, आणि साथीदार खाली आहे.

सप्टेंबर १९६५ मध्ये फाझिल्काजवळ, रात्री, पाकिस्तानच्या एफ-१०४ विमानाने एक कॅनबेरा क्षेपणास्त्राने पाडलं. चालक फ्लाइट लेफ्टनंट लोव्ह खुर्चीसकट बाहेर फेकला गेला आणि युद्धकैदी होऊन पुढे परत आला. दिशादर्शक कपूर विमानाबरोबर गेला. एकाच विमानातल्या दोघांचं प्राक्तन सहा-आठ फुटांच्या अंतराने वेगळं झालं. तरीही ही विमानं आपण २००७ च्या मे महिन्यापर्यंत वापरली, तब्बल पन्नास वर्षं. शेवटच्या काळात ती छायाचित्रण आणि सरावापुरती उरली होती हे खरं, पण निरोपसमारंभाच्या बातम्यांत त्या नाकातल्या जागेचा उल्लेख वाचल्याचं मला आठवत नाही.

१९७१ मध्ये दिवसाउजेडीच्या बाँबफेकीचा मोठा भार सुखोई-७ या एकआसनी विमानाने उचलला. सहा तुकड्या, सुमारे पंधराशे हल्ले, चौदा विमानं गमावली, आणि ती मुख्यतः जमिनीवरच्या तोफांनी पाडली. इथे प्रत्येकाला उडणारी खुर्ची होती. म्हणून दाराचा प्रश्न मागे पडतो आणि वहीचा पुढे येतो. या चौदांतल्या दोन मराठी माणसांची गोष्ट शेजारी ठेवली की वहीचं मोल नीट कळतं.

पहिले दिलीप परुळकर. १० डिसेंबरला त्यांचं विमान पडलं, ते उतरले, पकडले गेले, रावळपिंडीच्या छावणीत आले. तिथे एकूण डझनभर भारतीय वैमानिक होते. परुळकरांबरोबर कामत होते, विद्याधर चाटी होते, म्हणजे संध्याकाळी मराठीतून एखादं वाक्य कानावर पडायची सोय होती. पकडले गेलो तर पळून जाणार, हे परुळकरांनी युद्धाआधीच बोलून दाखवलं होतं. त्यांनी ते खरं केलं. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोघांना घेऊन त्यांनी खोलीच्या भिंतीतल्या विटा एकेक करून सोडवल्या. शाळेतल्या नकाशापुस्तकावरून मार्ग ठरवला, सुईला लोहचुंबकत्व देऊन होकायंत्र बनवलं, आणि १९७२ च्या १२-१३ ऑगस्टच्या रात्री तिघे बाहेर पडले. बसने पेशावर, तिथून खैबर खिंडीत लंडी कोतल. अफगाणिस्तानची सरहद्द चार मैलांवर राहिली.

तिथे त्यांना रेल्वेने दगा दिला. नकाशात पुढचं स्टेशन होतं लंडी खाना, म्हणून त्यांनी बाजारात त्याचाच रस्ता विचारला. लंडी खानाला गाडी जाणं १९३२ सालीच बंद झालं होतं. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनाची चौकशी करणारे हे तरुण कोण, अशी शंका तहसीलदाराच्या कारकुनाला आली. आपण पाकिस्तानी हवाई दलाचे ख्रिस्ती कर्मचारी आहोत, सुटीवर आलो आहोत, ही बतावणी टिकली नाही. टोळ्यांच्या त्या मुलखात हेर म्हणून तिथल्या तिथे गोळी घातली जाण्याची भीती खरी होती. तेव्हा परुळकरांनी एक नाव घेतलं : पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचा परिसहायक (एडीसी) उस्मान. हा आधी त्यांच्याच छावणीचा प्रमुख होता. फोन लागला, उस्मानने ओळख पटवली, आणि तिघे पुन्हा कैदी झाले. पुन्हा कैदी होणं म्हणजे वाचणं, अशी ही विलक्षण परिस्थिती. त्यांना वाचवणारी गोष्ट एकच. त्यांची नावं एका वहीत होती, आणि ती वही माहीत असलेला माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला होता.

१ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सरहद्दीवरून सहाशेहून अधिक भारतीय कैदी परतले, त्यांत परुळकर होते. पुढे ग्रुप कॅप्टन होऊन निवृत्त झाले, पुण्यात राहिले, २०२५ च्या ऑगस्टमध्ये वारले. त्यांच्या पलायनावर फेथ जॉन्स्टन यांनी पुस्तक लिहिलं, चित्रपटही निघाला.

दुसरे विजय वसंत तांबे. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोटच्या पाकिस्तानी हवाईतळावर हल्ला करताना त्यांचं सुखोई तोफांच्या माऱ्यात सापडलं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे म्हणजे माहेरच्या दमयंती सुभेदार, तीनदा बॅडमिंटनची राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवलेल्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दीडेक वर्ष झालं होतं. डिसेंबरच्या त्याच पहिल्या आठवड्यातल्या एका पाकिस्तानी इंग्रजी वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या बातमीत ‘टोंबे’ असं एक नाव छापून आलं. वाघ्यावर आलेल्या यादीत मात्र तांबे नव्हते.

जिनिव्हा कराराने युद्धकैद्याची जी वाट आखली आहे, ती इथे समजून घेतली पाहिजे. कैदी छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत त्याला एक छापील कार्ड भरू द्यायचं. ते एक घरी जातं, एक रेड क्रॉसच्या जिनिव्हातल्या मध्यवर्ती शोधसंस्थेकडे. पकडणाऱ्या देशाने माहिती कार्यालय चालवायचं आणि नावं कळवायची. हे एकदा झालं की माणूस नाहीसा करणं अवघड होतं, कारण त्याची नोंद तिसऱ्याच्या हातात गेलेली असते. परुळकरांची गेली. वृत्तपत्रातलं ‘टोंबे’ हे नाव अशा वहीत कधी उतरलं नाही, किंवा उतरलं असल्यास आपल्यापर्यंत पोचलं नाही. छापलेली बातमी घरच्यांना आशा देते, पण ती कार्डाचं काम करत नाही.

असे आणखी होते. १९७९ मध्ये लोकसभेत परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी पाकिस्तानात असल्याचं मानल्या जाणाऱ्या चाळीस जणांची यादी मांडली. पुढे ती चौपन्नांची झाली आणि ‘बेपत्ता चौपन्न’ हे तिचं नाव रूढ झालं. निम्म्याच्या आसपास हवाई दलाचे. ती यादी वाचताना मराठी डोळा अडखळतो : तांबे, रमेश गुलाबराव कदम, अशोक बळवंत ढवळे, श्रीकांत चंद्रकांत महाजन. त्यांच्यासोबत जाल माणेकशा मिस्त्री, आणि कॅनबेराच्या नाकातून लढायला गेलेले दिशादर्शक मनोहर पुरोहितही.

यातले काहीजण पाकिस्तानात जिवंत होते याचे पुरावे कितपत भक्कम? मी ते जमेल तितके वाचले, आणि माझं मत असं की ते सारख्या वजनाचे नाहीत. १९७१ च्या २७ डिसेंबरच्या ‘टाइम’ साप्ताहिकात गजांआड बसलेल्या एका भारतीय कैद्याचं छायाचित्र आलं, ते मेजर घोष यांचं म्हणून त्यांच्या घरच्यांनी ओळखलं. मेजर अशोक सुरी यांच्या वडिलांना युद्धानंतर काही वर्षांनी कराचीहून मुलाच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी आली. हे दोन पुरावे कुणालाही थांबून विचार करायला लावतील. लायलपूरच्या तुरुंगात अमक्याने तांबेंना पाहिलं, कोट लखपतच्या तुरुंगात वेड लागलेले भारतीय कैदी होते, अशा हकिकती मात्र तोंडोतोंडी फिरत आलेल्या. परुळकर आणि त्यांचे साथीदारही शेवटी लायलपूरच्याच तुरुंगात होते, हे त्या हकिकती तोलताना लक्षात ठेवावं लागतं. पाकिस्तानने प्रत्येक वेळी, आमच्याकडे १९७१ चा एकही युद्धकैदी नाही, असंच सांगितलं. १९८३ मध्ये काही नातेवाइकांना मुलतानचा तुरुंग दाखवला गेला. २००७ च्या जूनमध्ये चौदा नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांतून फिरले, त्यांत दमयंतीबाई होत्या. कुणीही सापडलं नाही. तेव्हा युद्धाला साडेपस्तीस वर्षं झाली होती.

पण ‘जिवंत होते का’ या एकाच प्रश्नाभोवती सगळी चर्चा फिरत राहिली, यात एक नुकसान झालं असं मला वाटतं. जिवंत नसतील तर कुठे पडले, हे विचारायचं राहूनच गेलं. कायद्यापुरतं उत्तर सोपं आहे. पुराव्याच्या कायद्यानुसार सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं धरता येतं. त्यावर निवृत्तिवेतन मिळतं, वारसाच्या नोंदी होतात. पण धरून चालणं आणि शोधणं यांत फरक आहे, आणि ब्रिटिशांनी १९४५ नंतर जे खातं काढलं ते नेमकं या फरकासाठी होतं. आपल्याकडे तसं खातं निघालं नाही. १९७१ च्या युद्धाचा अधिकृत इतिहास संरक्षण मंत्रालयाने लिहवून घेतला, तोही बासनात राहिला. २००० साली एका वृत्तपत्राने तो इंटरनेटवर टाकला म्हणून लोकांना वाचायला मिळाला. कोणतं विमान कुठे पडलं, याच्या आज उपलब्ध असलेल्या बऱ्याचशा याद्या हौशी अभ्यासकांनी, जगनमोहन आणि समीर चोप्रांसारख्यांनी, वर्षानुवर्षं खपून केल्या आहेत. गुजरात उच्च न्यायालयाने २०११ मध्ये सरकारला हे प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याचा आदेश दिला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

इतक्या वर्षांनी शोधून काय मिळणार, असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण अरुणाचलचं आहे. २५ जानेवारी १९४४ रोजी चीनमधून आसामातल्या चबुआला येणारं अमेरिकेचं एक लिबरेटर तिथल्या डोंगरात कोसळलं. २००६ मध्ये एका अमेरिकन गिर्यारोहकाला त्याचे अवशेष सापडले. २०१६ मध्ये दिल्लीत तिथले मानवी अवशेष समारंभाने अमेरिकेच्या हवाली झाले, आणि २०१७ च्या जूनमध्ये त्यातल्या लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्डचं त्याच्या जॉर्जियातल्या गावी दफन झालं. त्र्याहत्तर वर्षांनी, हाडाच्या तुकड्यावरून. ती जागा म्हणजे घनदाट जंगल, उभे कडे, वर्षातले मोजके महिने पोचण्याजोगी.

शोरकोट म्हणजे सपाट पंजाब. तांबे ज्या ठिकाणी पडले ते ओसाड रान नव्हतं, भर युद्धातला चालू हवाईतळ होता, तोफांवर माणसं होती, पाहणारे होते. विमान पाडलं की तोफखान्याची तुकडी त्याचं श्रेय नोंदवते, तळाच्या रोजनिशीत वेळ आणि जागा लिहिली जाते, सांगाड्यातला उपयोगी भाग उचलला जातो, आणि आत माणूस सापडला तर त्याचं काय केलं याचा शेरा पडतो. हे जगातल्या कुठल्याही हवाई दलात होतं, पाकिस्तानातही होतं. रफीकी या नावाने तो तळ आजही चालू आहे. ५ डिसेंबर १९७१ चं त्या रोजनिशीतलं पान दाखवा, एवढी एकच मागणी, कैद्यांच्या प्रश्नापासून वेगळी काढून, दिल्लीने इस्लामाबादकडे करायला हरकत नव्हती. कराचीवर रात्री गेलेल्या कॅनबेरांबद्दलही असंच विचारता येईल, आणि आपल्या हद्दीत पडलेल्या त्यांच्या वैमानिकांबद्दलची आपली पानं त्याच वेळी त्यांच्यापुढे ठेवता येतील.